चैत्रगौरीचा मोगरा

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर विराजमान झाली, की अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघर हळदीकुंकवाची लगबग सुरू होते. कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे आणि त्यांच्या जोडीला मोगऱ्याचा गजरा! पंढरपुरातही गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत विठुरायाला चंदनउटी लावतात. ऐन उन्हाळ्यात देवाला शीतलता लाभावी, हाच त्यामागील भाव.

मुंबई-ठाण्याच्या देवघरांत येणारा काही मोगरा शहापूर व मुरबाड तालुक्यांतील असतो. केवळ पावसाळी भातावर वर्ष निभत नाही, म्हणून तेथील शेतकऱ्यांनी मोगऱ्याची जोड घेतली. कळी उमलण्यापूर्वीच खुडावी लागते. त्यासाठी घरातील लहानथोर भल्या पहाटे शेतात उतरतात. मग आसनगावहून लोकलने, मुरबाडहून रस्त्याने कल्याण वा दादरचा फूलबाजार गाठायचा. उशीर झाला, की कळीचा भाव उतरला आणि पहाटेचे श्रम वाया गेले!

खुडलेली कळी मात्र निष्प्राण होत नाही. सायंकाळी ती गजऱ्यात उमलते आणि परिमळ देत राहते. ताज्या फुलांच्या थरांत तीळ ठेवून ते सुवासिक झाल्यावर फुलेल तेल काढण्याची जुनी रीत याच गुणावर आधारलेली आहे.

या सुवासात बेंझिल ॲसिटेट व लिनालूल यांच्यासवे इंडोल नावाचे एक संयुग असते. कार्बनचे आठ, हायड्रोजनचे सात व नायट्रोजनचा एक अणू, एवढीच त्याची घडण. निळीच्या अभ्यासातून जर्मन रसायनज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी १८६६ मध्ये ते सिद्ध केले. नावही निळीवरूनच, म्हणजे ‘इंडिगो’वरून पडले. नवल असे, की हेच इंडोल विष्ठेच्या दुर्गंधीतही असते. एकवटले तर नाक धरावे लागते. अत्यल्प असले तर फुलाला भरदारपणा येतो. आज ते कारखान्यांतही तयार होते आणि अत्तरांप्रमाणेच औषधे व ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल बनविण्याच्या कामी येते.

कृत्रिम मोगऱ्याच्या उदबत्तीने देवघर दरवळते, यात वावगे काही नाही. परंतु त्या दरवळात पहाटे खुडणाऱ्या हातांचा वाटा नसतो. म्हणून यंदा गौरीपुढे निदान एक तरी ताजा गजरा असावा. दुसऱ्या दिवशी त्याचे निर्माल्य तुळशीच्या मातीत मिसळावे. गौरीची सेवा मातीपर्यंत पोहोचेल.