सवंगड्यांची गोष्ट

अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या उभयतांनीं सन १९७४ मध्यें ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यांत एक गडी सूत्रधार होऊन प्रसंग वर्णितो; इतर कोणी योद्धा, कोणी मांत्रिक बनून आपण काय करणार तें सांगतात, आणि वीस बाजूंचा फांसा यशापयश ठरवितो. येथें कोणीं कोणास जिंकावयाचें नसतें. संकट सर्वांनीं मिळून निवारावयाचें असतें. शिवाय घडलेली कथा कोठें छापलेली नसते; ती खेळणाऱ्यांच्याच स्मरणांत राहते. तेथील त्या काळचीं मुलें आतां साठीच्या घरांत आलीं आहेत. तरी बाळपणींचा सवंगडी त्यांना हवासा वाटतो, तो ह्याचसाठीं असें आम्हांस वाटतें. अर्धी गोष्ट त्याच्यापाशीं असते. तो गेला, कीं तीहि गेली.