गिऱ्हाइकाचा अभिप्राय आणि कृषी पर्यटन केंद्राचा लौकिक

आठवड्याच्या बाजारात गुळाची ढेप घ्यावयाची झाल्यास जाणते गिऱ्हाईक प्रथम शेजाऱ्यापाशी चौकशी करते. “कोणाचा गूळ चांगला?” या प्रश्नाला मिळणारे उत्तर हीच विक्रेत्याची खरी जाहिरात होय. काळ बदलला तरी ही रीत बदललेली नाही. विचारण्याचे ठिकाण मात्र बदलले आहे. पुण्यामुंबईचे कुटुंब आज हुरडा खावयास निघण्यापूर्वी मोबाइलवर गूगलच्या नकाशात केंद्रांची नावे शोधते, आणि पूर्वी येऊन गेलेल्यांनी काय लिहून ठेवले आहे ते वाचते.

महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. या धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. शेतीस जोडधंदा म्हणून अनेक कुटुंबांनी हा मार्ग धरला आहे. परंतु हुरड्याचा हंगाम थोड्याच आठवड्यांचा असतो. गूळभेंडीसारखा पारंपरिक वाण असो, वा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले मधुर’ असो, कणीस दुधाळ असते ते दिवस मोजकेच. त्या दिवसांत पाहुणा आला नाही, तर दाणा टणक होतो आणि हुरड्याची संधी हुकते. म्हणून आपले केंद्र लोकांच्या नजरेस पडणे ही चैनीची बाब नसून धंद्याची गरज आहे.

नाव वर कसे येते?

जवळपासची ठिकाणे दाखविताना गूगल मुख्यतः तीन गोष्टी विचारात घेते. पहिली, शोधणाऱ्यास जे हवे आहे त्याच्याशी केंद्राचा मेळ. दुसरी, शोधणाऱ्यापासूनचे अंतर. आणि तिसरी, केंद्राचा लौकिक. अंतर कोणास बदलता येत नाही. मेळ बसावा म्हणून माहिती अचूक भरावी लागते. लौकिक वाढविण्याच्या कामी मात्र गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांची संख्या व त्यांनी दिलेले तारे यांचा उपयोग होतो. पैसे भरून या क्रमात वरचे स्थान विकत घेता येत नाही. तसे वचन देऊन रक्कम मागणाऱ्या मध्यस्थांपासून शेतकरी बंधूंनी सावध राहावे.

अभिप्रायातील शब्दांचाही उपयोग होतो. एखाद्या पाहुण्याने “आगटीतला गरम हुरडा आणि जवसाची चटणी उत्तम” असे लिहिले असेल, तर हुरडा शोधणाऱ्यास ते वाक्य केंद्राच्या नावाखाली दिसू शकते.

प्रथम नोंद, मग अभिप्राय

गूगलवरील व्यवसायाची नोंद विनामूल्य होते. आपण खरे चालक आहोत याची पडताळणी व्हिडिओ, दूरध्वनी वा अन्य मार्गाने करून घ्यावी लागते. नाव फलकावर असेल तेच द्यावे. वेळा, दूरध्वनी क्रमांक आणि स्वतः काढलेली छायाचित्रे भरावीत. नकाशावरील खूण शेताच्या फाटकावरच आहे याची खात्री स्वतः जाऊन करावी. खूण चुकली, की पाहुणा भलत्याच पाणंदीत अडकतो आणि त्याचा राग अभिप्रायात उतरतो.

अभिप्राय मागण्यात संकोच नसावा. पाहुण्यांस निरोप देताना, किंवा त्याच सायंकाळी मोबाइलवर दुवा पाठवून, “आपला अनुभव लिहावा” अशी विनंती करावी. क्यूआर कोडचा कागद ओसरीवर लावणेही सोयीचे असते. मात्र विनंती सर्वांस सारखीच करावी. खूश दिसणाऱ्यांनाच निवडून विचारणे गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. काय लिहावे, हेही सांगू नये.

तक्रार आली तर

खरी कसोटी येथे लागते. समजा, एखाद्या केंद्राची सोय पंचवीस माणसांची आहे आणि जानेवारीतल्या रविवारी साठ माणसे आली. हुरडा थंड मिळाला, स्वच्छतागृहास पाणी पुरले नाही. एका कुटुंबाने एकच तारा देऊन ही हकीकत लिहिली. अशा वेळी घरातील तरुणांस दोन मोह होतात. एक, त्या कुटुंबास तसेच खरमरीत उत्तर द्यावे. दुसरा, मित्रांकडून दहा स्तुतिपर अभिप्राय लिहवून घ्यावेत. दोन्ही मार्ग घातक आहेत.

चालकाचे उत्तर अभिप्रायाखाली सर्वांस दिसते. ते तक्रारदाराइतकेच पुढे येणाऱ्या शेकडो वाचकांसाठी असते. “त्या दिवशी आम्ही सोयीपेक्षा अधिक लोक घेतले, ही आमची चूक झाली. आता आगाऊ नोंदणी करून पंचवीसच पाहुणे घेतो,” एवढे साधे व खरे उत्तर पुरेसे होय. अर्थात तसे लिहिल्यावर पुढच्या रविवारी सव्विसाव्या माणसास नम्रपणे नकार देण्याची तयारी हवी. त्या दिवसाचे उत्पन्न घटेल. परंतु नंतर येणारे अभिप्राय सुधारणेची साक्ष देतील. तक्रार खोटी व नियमबाह्य असेल, तर ती गूगलच्या नजरेस आणण्याची सोय आहे. केवळ कडू आहे म्हणून ती काढली जात नाही.

विकतची स्तुती नको

सवलत, भेटवस्तू वा पैसे देऊन अभिप्राय मिळविणे, तसेच स्वतःच्या केंद्रास स्वतःच तारे देणे, गूगलच्या नियमांत बसत नाही. असे अभिप्राय काढले जातात. नवे अभिप्राय स्वीकारणे काही काळ बंद केले जाऊ शकते. भारतीय मानक ब्यूरोनेही २०२२ साली ग्राहक अभिप्रायांचे संकलन, छाननी व प्रसिद्धी यांसाठी आयएस १९००० हे मानक ठरविले. ते प्रारंभी ऐच्छिक स्वरूपात लागू झाले.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी आपल्या भागातील केंद्रांची नोंद, नकाशावरील खूण व वेळा तपासून द्याव्यात. नोंदीचे खाते केंद्रचालकाच्या स्वतःच्या नावे व ताब्यात राहील हे पाहावे. ते परक्या मध्यस्थाच्या हाती गेल्यास पुढे परत मिळविणे जिकिरीचे होते. आठवड्यातून एकदा सर्व कुटुंबाने एकत्र बसून आलेले अभिप्राय मोठ्याने वाचावेत, असा प्रघात पाडावा. चूल सांभाळणाऱ्या गृहिणीस आणि आगटीपाशी कणसे भाजणाऱ्या गड्यासही आपल्या कामाबद्दल पाहुणा काय म्हणतो हे कळले पाहिजे.

पीक पिवळे पडले, की शेतकरी पानास रंग देत बसत नाही. मुळाशी काय झाले ते पाहतो. अभिप्रायाचेही तसेच आहे. तो वाचून काम सुधारले, तर लौकिक वाढेल, आणि लौकिकामागोमाग नकाशावरील नावही वर येऊ लागेल.