पाऊस ओळखीचा, रस्ता अनोळखी

आमचे बालपण डोंबिवलीत गेले. चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून शाळेतून घरी येणे हा पावसाळ्यातला ठरलेला कार्यक्रम! त्यामुळे हर्नडनला राहायला आल्यावर फोनवर 'फ्लॅश फ्लड वॉर्निंग' कर्कश वाजली की आम्ही चक्क हसत असू. "ह्या लोकांना पाऊस ठाऊकच नाही," असे आमचे ठाम मत होते.

8 जुलै 2019, सोमवारची सकाळ. मुलीला समर कॅम्पला सोडायला आम्ही मॅक्लीनकडे निघालो. आई नुकतीच भारतातून आलेली, तीही नातीबरोबर मागे बसली होती. वाटेत एका उतारावर ओढ्याचे पाणी रस्त्यावर आलेले दिसले. फार तर पोटरीभर असेल. "जाईल गाडी," म्हणून आम्ही पुढे घेणार, तोच आई म्हणाली, "अरे थांब! पाण्याखाली रस्ता आहे की नाही, ते तरी दिसतंय का?"

मुकाट्याने गाडी वळवली. मॅक्लीनमधल्या कर्बी रोडचा काही भाग त्याच सकाळी वाहून गेला, हे नंतर बातम्यांत पाहिले. मुलीशी बोलताना त्या रात्री आमचा आवाज जरा कापतच होता.

त्या दिवशी वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळावर तासाभरात सुमारे 84 मिलिमीटर पाऊस पडला. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर झाला होता. मग इथे एवढा हाहाकार का? कारण प्रश्न नुसत्या इंचांचा नाही, वेळेचा आहे. छपरे, रस्ते, पार्किंग लॉट आणि खाली चिकणमाती. पाणी मुरणार कुठे? ते सगळे धावते ओढ्यांकडे, आणि ओढा काही मिनिटांत चढतो. इथल्या नकाशावर नावापुढे 'रन' दिसले की ओढा समजावा. आपल्या हर्नडनमधून वाहणारा शुगरलँड रन हा त्यातलाच.

दुसरे म्हणजे, तिकडे आपण पाण्यातून चालत होतो, इकडे गाडीत असतो. फूटभर वाहते पाणी बहुतेक मोटारी ढकलून नेऊ शकते, दोन फूट पाणी एसयूव्हीलाही पुरते. मुंबईतही त्या 26 जुलैला काही जण बंद गाड्यांतच गुदमरून गेले, हे आम्ही कसे विसरलो कोण जाणे!

नव्याने आलेल्यांसाठी चार गोष्टी. 'वॉच' म्हणजे पुराची शक्यता, 'वॉर्निंग' म्हणजे पूर आला किंवा येतोच आहे. बेसमेंटमधला संप पंप विजेवर चालतो आणि वादळात नेमकी वीज जाते, म्हणून बॅटरीचा जोडपंप बसवावा. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान धरत नाहीत. सरकारी योजनेतला पूरविमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो साधारणपणे 30 दिवसांनी लागू होतो, तेव्हा ढग पाहून धावपळ करण्यात अर्थ नाही. आणि रस्त्यावर पाणी दिसले की गाडी वळवावी.

असो. फोन आता वाजला की आमच्याकडे कोणी हसत नाही. मुलगीच विचारते, "बाबा, खालचा रस्ता दिसतोय ना?"