मर्तबान : बरणीला मिळालेले बंदराचे नाव

बदलीनिमित्त लखनौ किंवा दिल्लीला बिऱ्हाड हलविणाऱ्या मराठी कुटुंबाला स्वयंपाकघरातील काही शब्द नव्याने शिकावे लागतात. ‘मर्तबान’ हा त्यांपैकीच एक. लोणच्यासाठी चिनी मातीची बरणी मागितली, की दुकानदार मर्तबान पुढे करतो. वस्तू ओळखीची, नाव मात्र अनोळखी! हे नाव मुळात एका गावाचे आहे आणि ते गाव भारताबाहेर आहे.

म्यानमारमध्ये, म्हणजे पूर्वीच्या ब्रह्मदेशात, सालवीन नदीच्या मुखाशी मोत्तमा नावाचे गाव आहे. नदीच्या पलीकडे मौलमीन शहर. या मोत्तम्यालाच परदेशी व्यापारी मर्तबान म्हणत. एकेकाळी ते बंगालच्या उपसागरातील व्यापाराचे गजबजलेले बंदर होते आणि झिलई दिलेल्या मोठमोठ्या बरण्यांसाठी त्याची ख्याती दूरवर पसरली होती.

अशा बरणीचे मोल दर्यावर्दी लोकांना विशेष कळे. साध्या मडक्यातून पाणी पाझरते, तेल मुरते. तांब्यापितळेच्या भांड्याला कल्हई नसेल, तर आंबट पदार्थ कळकतो. उच्च तापमानाला भाजलेल्या, झिलईदार भांड्यावर मात्र मीठ, तेल वा आंबट रस यांचा परिणाम होत नाही. महिनोन्‌महिन्यांच्या सफरीत खलाशांचे अन्न अशाच भांड्यांत टिकत असे. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने आपल्या वृत्तान्तात एका राजकन्येने दिलेल्या भेटींत चार मर्तबानांचा उल्लेख केला आहे. त्यांत आले, मिरी, लिंबे आणि आंबे होते. तेही सागरी प्रवासासाठी खारविलेले! सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीज लेखकानेही मर्तबानच्या काळ्या झिलईच्या भांड्यांची नोंद केली.

गंमत अशी, की यांतील अनेक बरण्या मर्तबानला घडलेल्याच नव्हत्या. काही ब्रह्मदेशातील भट्ट्यांतून येत, काही सयामहून, तर पुष्कळशा दक्षिण चीनमधून. परंतु दूरच्या बाजारातील गिऱ्हाइकाला भट्टी ठाऊक नसे. माल ज्या बंदरातून आला, तेच नाव त्याच्या तोंडी बसे. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात जतन केलेली हिरव्या झिलईची चिनी भांडीसुद्धा तुर्की भाषेत ‘मर्तबानी’ म्हणून ओळखली जात. विषारी अन्न पडताच ती तडकतात, अशी समजूत असल्याने राजघराण्यांत त्यांना मोठा मान होता. बंगालमधील ‘मर्तमान’ केळ्याचे नावही याच बंदराशी जोडले जाते.

बंदराचे वैभव मात्र टिकले नाही. १५४१ साली राजा तबिनश्वेती याने दीर्घ वेढा घालून शहर जिंकले आणि त्याची लूट झाली. पुढे मर्तबानचे पूर्वीचे महत्त्व ओसरले. आज मोत्तमा हे तुलनेने लहानसे गाव आहे. त्याचे जुने नाव बंदरापेक्षा उत्तर भारतातील स्वयंपाकघरांतच अधिक ऐकू येते आणि ते उच्चारणाऱ्या बहुतेकांना त्या गावाची कल्पनाही नसते.

मराठी माणूस मात्र त्याच वस्तूला ‘चिनी मातीची बरणी’ म्हणतो. हिंदीने माल पाठविणारे बंदर लक्षात ठेवले, मराठीने या कारागिरीचा देश. आता अशा बरण्या उत्तर प्रदेशातील खुर्जा येथेच मोठ्या प्रमाणावर तयार होतात. त्यांना ना चीन पाहावा लागतो, ना ब्रह्मदेश. नावे मात्र दोन्ही टिकून आहेत.

उन्हाळ्यात कैरीचे लोणचे घालून बरणीच्या तोंडाला स्वच्छ दादरा बांधताना गृहिणीच्या मनात एकच विचार असतो, की वर्षभर ते टिकावे. मर्तबान बंदरात जहाज भरणाऱ्या व्यापाऱ्याच्या मनात तरी याहून वेगळे काय असणार?