विंडोजवरून लिनक्सवर: आधी कामांची यादी, मग प्रोग्रॅम

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीचे अपडेट देणे थांबवले. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचा प्रोसेसर असेल, तर मोजके अपवाद सोडता विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही. वडवणीतल्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात किंवा शाळेच्या कार्यालयात असा संगणक असेल, तर तो लगेच भंगारात काढू नका. लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी बसणारी लिनक्स प्रणाली फुकट मिळते आणि ४ जीबी मेमरीवर कामापुरते नीट चालते. मग प्रश्न उरतो रोजच्या प्रोग्रॅमचा.

आठवडाभर संगणकाशेजारी वही ठेवा आणि संगणकावर होणारे प्रत्येक काम टिपा. मग कामांचे तीन गट पाडा.

पहिला गट ब्राउझरमधल्या कामांचा: सातबारा काढणे, पीकविम्याचा अर्ज, ईमेल. फायरफॉक्स आणि क्रोम दोन्ही लिनक्सवर आहेत, त्यामुळे इथे फारसे काही बदलत नाही.

दुसरा गट पर्याय असलेल्या कामांचा. वर्ड-एक्सेलऐवजी लिब्रेऑफिस घ्या. त्याचे मेनू मराठीतही करता येतात. वर्ड-एक्सेलच्या फायली त्यात उघडतात, पण पानांची मांडणी थोडी सरकू शकते आणि एक्सेलचे मॅक्रो अडू शकतात. म्हणून तयार पत्र पाठवताना पीडीएफ करून पाठवा. व्हिडिओसाठी व्हीएलसी, फोटोसाठी गिंप पुरेसे आहे.

तिसरा गट अडणाऱ्या कामांचा. हिशेबाचे टॅली विंडोजसाठीच बनते. अंगठा घेण्याचे यंत्र, डिजिटल सहीचे टोकन, जुना प्रिंटर यांचे लिनक्सवर चालणारे सॉफ्टवेअर मिळते का, ते मॉडेलचे नाव घालून आधी तपासा. पोट ज्या कामावर आहे ते इथे अडत असेल, तर त्यापुरता विंडोज ११ चा एक संगणक ठेवणेच शहाणपणाचे.

सर्वांत जास्त वेळ मराठी टायपिंगला द्या. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात. फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देतो. तो फॉन्ट नसला की अर्जाच्या जागी अगम्य चिन्हे दिसतात. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून फॉन्ट बदलला तरी मजकूर टिकतो. विंडोज सोडण्याआधीच जुन्या फायली त्या-त्या फॉन्टच्या परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणा आणि एकदा वाचून काढा. रफार, वेलांट्या आणि जोडाक्षरे या रूपांतरातच हमखास चुकतात. लिनक्सवर इन्स्क्रिप्ट कळफलक सेटिंगमधूनच निवडता येतो. रोमन अक्षरांतून मराठी टाइप करणाऱ्यांनी आयबस या टायपिंगच्या प्रोग्रॅमसोबत एम१७एन हा कळफलकांचा संच बसवावा. त्यात ‘गमभन’ पद्धतही आहे.

लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, व्हीएलसी आणि गिंप विंडोजवरही चालतात. म्हणून महिनाभर जुन्याच संगणकावर त्यांची सवय करा. मग मिंट पेनड्राइव्हवरून सुरू करा. हार्डडिस्कवर काही न बसवता प्रिंटर, वायफाय आणि कळफलक तपासता येतात. सगळे जमले, की फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि मगच कायमचे बसवा.

प्रोग्रॅम पुढेही बदलत राहतील. मजकूर युनिकोडमध्ये आणि कोणत्याही प्रोग्रॅममध्ये उघडणाऱ्या फायलींत असला, तर पुढच्या वेळी एवढी यातायात करावी लागणार नाही.