नुसतं बोलून काय होणार?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नैराश्यासाठी समुपदेशकाकडे आलेला माणूस पहिल्याच भेटीत बहुधा विचारतो, "नुसतं बोलून काय होणार? बोलायला घरचे आहेतच की!" प्रश्न रास्त आहे. त्याचं नीट उत्तर मिळालं नाही, तर तो पुन्हा येत नाही. वर 'आपल्याला कशाचाच उपयोग नाही' अशी त्याची खात्री पटते, ते वेगळंच.

घरची माणसं 'मन घट्ट कर' असा सल्ला देतात. समुपदेशक सल्ला देत नाही. तो कागद पुढे ओढतो आणि गेल्या आठवड्यातला एखादा प्रसंग विचारतो. समजा, रस्त्यात मैत्रिणीनं ओळख दिली नाही. लगेच मनात आलं, 'मी नकोशी झालेय.' मन खट्टू झालं. मग तिला फोन करणं थांबलं. एकटेपणा वाढला, आणि तो विचार आणखी पक्का झाला. प्रसंग, विचार, भावना, कृती हे चक्र कागदावर उतरलं की समुपदेशक विचारतो, "तिनं तुम्हाला पाहिलंच नसेल, असं होऊ शकतं का?" इथे समजूत घालायची नसते, तर विचार तपासून पाहायचा असतो. फिलाडेल्फियातील मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात या पद्धतीचा पाया घातला.

चक्र तोडायची दुसरी जागा म्हणजे कृती. 'उत्साह आला की कामाला लागेन' असं आपण म्हणतो. नैराश्यात तो उत्साह येतच नाही. प्लास्टर काढल्यावर आखडलेला हात सुटण्याची वाट पाहत बसलो तर तो सुटत नाही, हलवल्यावरच सुटतो. म्हणून आठवडाभराच्या छोट्या गोष्टी ठरतात : सकाळी दहा मिनिटं चालणं, बहिणीला एक फोन. त्यानंतर मनाला कसं वाटलं, याची नोंद ठेवायची.

गोव्यात 'संगाथ' संस्थेच्या संशोधकांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमकी हीच पद्धत वापरून पाहिली. बोलणारे डॉक्टर नव्हते, तर प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटी ठरल्या होत्या. २०१६च्या अखेरीस निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आलेले दिसले. ही मदत न मिळालेल्यांत ते प्रमाण ३९ टक्के होतं. म्हणजे सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. काहींना औषधंही लागतात, आणि दोन्ही उपचार बरोबरीनं चालू शकतात.

चांगला समुपदेशक आणखी काही गोष्टी आधीच सांगतो. भेटी साधारण किती होतील. बोलणं गुप्त राहील, मात्र जिवाला धोका दिसला तर इतरांना कळवावं लागेल. आणि सुधारणा सरळ रेषेत होत नाही, मधला एखादा आठवडा वाईट जाईल. त्यानं सांगितलं नाही, तर आपण विचारावं. त्यात संकोच कसला?

कुठे जावं हे सुचत नसेल, तर २०२२पासून सुरू असलेल्या सरकारी 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

घरच्यांसाठी एकच सांगणं. परत आलेल्या माणसाला "आत काय बोललास?" असं विचारू नका. "या आठवड्यात काय करायचं ठरलंय? मी बरोबर येऊ का?" एवढं विचारा.