इंजिन तापले की काटा भुलला?

बारामती किंवा धुळ्याच्या आसपास राहणाऱ्या वाचकांना डोक्यावरून घरघरत जाणारी छोटी प्रशिक्षण विमाने परिचयाची असतील. पंख वरच्या बाजूला आणि नाकाशी एकच पंखा असलेले सेस्ना १७२ हे त्या जातीचे विमान. ते १९५५ साली प्रथम उडाले आणि आजवर ४४,००० हून अधिक बांधले गेले. दुसरे कोणतेही विमान इतक्या संख्येने बनलेले नाही. १९८६ पासून १९९६ पर्यंत त्याचे उत्पादन बंद होते. त्यामुळे आजही जगभर उडणाऱ्या सेस्नांमध्ये पन्नाशी उलटलेली विमाने पुष्कळ आहेत.

अशा वयस्क विमानाची दोन दुखणी मेकॅनिक लोकांच्या नेहमीच्या ओळखीची असतात. एक, इंजिन तापते. दुसरे, रेडिओ खरखरतो. आपल्या पाठ्यपुस्तकात उष्णतेचा धडा वेगळा आणि विजेचा वेगळा. विमानाच्या नाकाडात मात्र हे दोन्ही धडे एकमेकांत असे गुंततात की, तापलेले काय आहे, इंजिन की नुसता काटा, हेच आधी ठरवावे लागते.

हवा जाते तरी कुठून?

१९७० च्या सुमारास बनलेले एक सेस्ना १७२ आपण डोळ्यांसमोर आणू. त्यात लायकॉमिंग कंपनीचे १५० अश्वशक्तीचे, चार सिलिंडरांचे इंजिन असते. मोटारीसारखा पाण्याचा रेडिएटर त्याला नाही. पेट्रोलच्या ऊर्जेपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश भाग पंख्यापर्यंत पोचतो. उरलेल्यापैकी बरीचशी धुराबरोबर निघून जाते आणि बाकीची सिलिंडरच्या धातूत उतरते. ती उष्णता वाहून नेण्याचे काम केवळ हवेचे. मोटारसायकलच्या इंजिनाला असतात तशी पातळ धातूची पाती या सिलिंडरांनाही असतात.

पुढचा पंखा हवा मारतो, ती सिलिंडरांवरून मागे जाते आणि इंजिन थंड होते, असे आपल्याला वाटते. तसे असते तर पुढचे सिलिंडर गारठले असते आणि मागचे भाजून निघाले असते! प्रत्यक्षात नाकाच्या दोन भोकांतून शिरलेली हवा इंजिनाच्या वर कोंडली जाते. पत्र्याच्या आडभिंती तिला मागे किंवा बाजूला जाऊ देत नाहीत. वाट एकच उरते: पात्यांच्या फटींतून खाली आणि मग तळाकडून बाहेर. म्हणजे हवा नुसती समोरून लागून उपयोगाचे नाही. इंजिनाच्या वर आणि खाली हवेच्या दाबात फरक असावा लागतो.

हा फरक केवढा असेल? चढताना विमानाचा वेग ताशी १३५ किलोमीटर धरू. अशा वाऱ्याचा दाब सुमारे ८६० पास्कल भरतो, म्हणजे यू आकाराच्या नळीतले पाणी जेमतेम ९ सेंटिमीटर उचलले जाईल इतका. सरळ उड्डाणात ताशी २०५ किलोमीटरला तो २० सेंटिमीटरवर जातो, कारण दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. गंमत अशी की, चढताना इंजिन सर्वांत जास्त राबते आणि नेमका तेव्हाच थंड करणारा दाब निम्म्याहून कमी असतो. त्यात ४० अंशांचा उन्हाळा असला तर १५ अंशांच्या हवेपेक्षा हवा ८ टक्के विरळ.

एवढ्याशा दाबावर सगळी भिस्त असल्यावर एखादी फटसुद्धा महाग पडते. पत्र्याची भिंत आणि वरचे झाकण यांच्यामधली जागा रबरी पट्टी बुजवते. ती हवेच्या दाबाच्या बाजूला वळलेली हवी, म्हणजे दाबच तिला झाकणाला घट्ट चिकटवतो. जुनी पट्टी कडक होते, उलटी मुडपते आणि हवा पात्यांना न शिवता निसटून जाते. सिलिंडरांच्या खालून गुंडाळलेले छोटे पत्रे दुरुस्तीच्या वेळी काढले जातात आणि पुन्हा बसवायचे राहून जातात. पत्रा काढला म्हणजे हवेला वाट मोकळी झाली, असे वाटावे. पण होते उलटेच. मोकळ्या वाटेने गेलेली हवा उष्णता न घेताच जाते.

अशी गळती शोधण्याची जुनी युक्ती आम्हांला फार आवडते. अंधारात झाकणाच्या आत प्रखर दिवा ठेवायचा आणि उजेड कुठून बाहेर येतो ते पाहायचे. जिथून उजेड गळतो, तिथून हवाही गळते. आत कधी काड्या आणि गवतही सापडते. उघड्यावर उभ्या राहिलेल्या विमानाच्या नाकात पक्षी एका दिवसात घरटे सुरू करतात. त्याने हवा तर अडतेच, शिवाय आग लागण्याची भीती.

एका सेकंदातले पन्नास अंश

आता दुसरी शक्यता. वैमानिक बोलण्यासाठी रेडिओचे बटण दाबतो आणि त्याच क्षणी तापमानाचा काटा ५० अंश वर उडी घेतो. उड्डाणात असताना यावर वाद घालत बसायचे नसते. काटा खरा मानायचा, नाक थोडे खाली करून वेग वाढवायचा, इंजिनाची शक्ती कमी करायची आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवायचे. या इंजिनात सिलिंडरच्या माथ्याची कमाल मर्यादा २६० अंश सेल्सियस आहे. माथ्याचे ॲल्युमिनियम त्याच्या बरेच आधीपासून बळ गमावू लागते, आणि तडकलेला माथा हवेत सांधता येत नाही.

जमिनीवर उतरल्यावर मात्र कागद-पेन्सिल घ्यावी. माथ्याचे वजन ५ किलो धरू. ॲल्युमिनियमची विशिष्ट उष्णता किलोला, अंशाला ०.९ किलोज्यूल. ५० अंश वाढायला लागली २२५ किलोज्यूल उष्णता. ती एका सेकंदात द्यायची तर २२५ किलोवॅट, म्हणजे ३०० अश्वशक्ती हवी. सबंध इंजिनच १५० अश्वशक्तीचे! तेव्हा उडी मारणारा काटा उष्णतेबद्दल काही सांगत नाही. तो विजेबद्दल सांगतो. खरे तापणे सावकाश, मिनिटामिनिटाने चढते.

वीज का बिघडते? जुन्या पद्धतीच्या मापकाला एकच तार असते. परतीचा प्रवाह इंजिनाच्या धातूतून विमानाच्या सांगाड्यात जातो. पण इंजिन बसवलेले असते रबरी गुटक्यांवर, आणि रबर वीज जाऊ देत नाही. म्हणून इंजिन व सांगाडा यांना तांब्याच्या विणलेल्या पट्टीने जोडतात. पन्नास वर्षांत ही पट्टी तुटत-गंजत जाते. समजा, अशा एखाद्या गंजलेल्या सांध्याचा रोध ०.१ ओहम झाला आणि रेडिओचे ५ अँपिअरही त्याच सांध्यातून परतू लागले. ओहमच्या नियमाने तिथे अर्धा व्होल्ट पडला. मापकाच्या दृष्टीने हा अर्धा व्होल्ट मोठाच असतो. इंजिन सुरू करताना तर शेकडो अँपिअर लागतात. पट्टी तुटली असेल तर ते वैमानिकाच्या नियंत्रणाच्या पोलादी तारांतून वाट काढतात आणि त्या तारा चटका बसेल इतक्या तापतात.

खरखर कोणाची?

विमानांचे संभाषण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात आणि आयाम बदलण्याच्या जुन्याच पद्धतीने चालते. दोन वैमानिक एकाच वेळी बोलले तर निदान शिट्टी तरी ऐकू येते, दुबळा आवाज पुरता झाकला जात नाही, हा या पद्धतीचा मोठा फायदा. तोटा असा की ठिणग्यांचा गोंगाटही आयामातच मिसळतो. आकाशवाणी मीडियम वेव्हवर ऐकताना शेजारून स्कूटर गेली की होणारी तडतड आठवावी.

येथे कान हेच उपकरण. मिनिटाला २,४०० फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरांच्या इंजिनात एक मॅग्नेटो सेकंदाला ८० ठिणग्या पाडतो. गती वाढवली की या तडतडीचा सूर चढतो. विमानात दोन मॅग्नेटो असतात आणि जमिनीवर ते एकेक करून बंद करून पाहता येतात. एक बंद करताच आवाज थांबला, तर त्याच्याच तारांवरचे जाळीचे आवरण कुठेतरी सुटले आहे. पातळ, किणकिणता, गतीबरोबर चढणारा सूर अल्टरनेटरचा; त्याचा एखादा डायोड गेला की तो वाढतो. इंजिन बंद असतानाही सेकंदा-सेकंदाला ऐकू येणारी चढती शीळ लुकलुकणाऱ्या दिव्याची असते. तेही ठरेना, तर रेडिओची अँटेना सोडवून नुसते ऐकावे (बोलण्याचे बटण मात्र तेव्हा दाबू नये). आवाज गेला तर तो हवेतून येत होता. राहिला तर तारांतून.

पुष्कळ मालक या खटाटोपात न पडता नवा रेडिओच घेतात. खरखर राहतेच, कारण गंजलेला सांधा तिथेच असतो.

रेडिओलाही उष्णता सोसत नाही, हे शेवटी सांगायला हवे. जुन्या विमानांत तो थंड ठेवण्यासाठी बाहेरची हवा एका नळीतून थेट त्याच्या पाठीवर सोडत. पावसात त्याच नळीतून पाणीही आत येई. पुढे या नळ्या काढून त्यांच्या जागी छोटे विजेचे पंखे आले. पण जिथे जुनी नळी राहिली आहे, तिथे पहिल्या मोठ्या सरीनंतर सुरू झालेली खरखर शोधायला फार दूर जावे लागत नाही.